कासवाचे पाय

काल रात्री शेवटी 'कॅनिबल होलोकॉस्ट'ची अनकट आवृत्ती पाहिली. रुजेरो देओदातोचा १९८०चा इटालियन सिनेमा. कॉलेजात असताना मित्राकडे काटछाट केलेली सीडी पाहिली होती, तेव्हापासून डोक्यात एकच, कापलंय ते नक्की काय? मिलानमध्ये सिनेमा जप्त झाला होता. कलाकारांना खरंच मारलं असा संशय आला आणि ते जिवंत आहेत हे देओदातोला सिद्ध करावं लागलं. एवढं ऐकल्यावर माणूस शोधत जाणारच ना!

माणसं मेली नव्हती. प्राणी मात्र खरेच मेले. नदीतून ओढून काढलेलं ते मोठं कासव... मुंडकं छाटल्यावरही पाय हलत राहतात आणि कॅमेरा चालूच. मी पॉज केलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, परत येऊन तो भाग पुढे ढकलला. रिझ ओर्तोलानीचं संगीत इतकं कोवळं आहे की त्याचाच जास्त त्रास झाला.

खोटं रक्त मला चालतं, मेकअपची कारागिरी म्हणून आवडतंही. ब्रिटनच्या सेन्सॉरने २०११ मध्ये जवळपास सगळं सोडलं, एका छोट्या प्राण्याला मारतानाची १५ सेकंदं तेवढी कापली. माझ्या मते कासवही कापायला हवं होतं. आज ऑफिसात दिवसभर ते पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हते.