पॅकिंगला शिंगं फुटली तो दिवस

सकाळी सव्वादहाला क्लायंटच्या गोडाऊनमधून फोन आला, मॅडम तुमच्या पॅकिंगला काहीतरी फुटलंय, बोटांसारखं, तुम्ही स्वतः येऊन बघा. मी विचारलं हिरवी काळी बुरशी आलीय का, तर म्हणे नाही हो, चॉकलेटी आहे, चकचकीत, टोकाला पांढरं. मला फोनवरच कळलं काय झालंय आणि पोटात गोळा आला.

आम्ही थर्माकोलऐवजी वापरायचं पॅकिंग बनवतो, मायसेलियमचं. मायसेलियम म्हणजे बुरशीच्या पांढऱ्या तंतूंचं जाळं, मशरूम हे नुसतं तिचं फळ. लाकडाचा भुसा आणि शेतातला काडीकचरा वाफवून निर्जंतुक करायचा, गार झाला की त्यात स्पॉन म्हणजे बुरशीचं बियाणं मिसळायचं, विरजण लावतात ना तसंच. चार-पाच दिवसांत तंतू भुशाचा कण न कण बांधून टाकतात, गोंद वगैरे काही लागत नाही. मग ते फोडून साच्यात भरायचं, परत तितकेच दिवस वाढू द्यायचं आणि शेवटी ओव्हनमध्ये वाळवायचं, म्हणजे बुरशी मरते आणि पीस हलका आणि टणक होतो. आणि वापरून झाला की चुरा करून मातीत टाकता येतो, थर्माकोलसारखा शेकडो वर्षं पडून राहत नाही. मी या कामात आले ती याच एका कारणासाठी.

गोडाऊनमध्ये पोचले तर काचेच्या लॅम्पचे सतरा बॉक्स उघडून ठेवले होते. लॅम्प सगळे शाबूत, पण कोपऱ्याच्या ठोकळ्यांमधून दोन-तीन इंचाची शिंगं बाहेर आलेली. आमची बुरशी गॅनोडर्मा, जिला रेशी म्हणतात. तिला मोकळी हवा मिळाली तर ती पंख्यासारखी पसरट छत्री धरते, पण बंद प्लॅस्टिकमध्ये तिच्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मग छत्री न होता अशी हरणाच्या शिंगांसारखी लांब वाढते. म्हणजे आमचा माल तीन आठवडे त्या बॉक्समध्ये जिवंत होता. खरं सांगते, दिसायला ती सुंदर होती, पण तेव्हा मला बघवेना.

तिथले मॅनेजर साहेब शांतपणे एवढंच म्हणाले, थर्माकोलमधून निदान काही उगवत तरी नाही. हे मला फार लागलं. कारण याच माणसाला मी महिनाभर पटवलं होतं, अमेरिकेत इकोव्हेटिव्ह कंपनी २००७ पासून हेच काम करतेय, डेलने २०११ मध्ये आपले सर्व्हर असल्या पॅकिंगमध्ये पाठवले, न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली मायसेलियमच्या १०,००० विटांचा टॉवर उभा केला होता, हे सगळं सांगून. आणि एका ओल्या ठोकळ्याने ते सगळं पुसून टाकलं.

पण एक गोष्ट लक्षात आली, बाजूच्या पातळ पट्ट्या सगळ्या स्वच्छ होत्या, फुटले होते ते फक्त कोपरे. तिथेच करवत मागवली आणि एक ठोकळा मधोमध कापला. बाहेरून खडखडीत, आत गडद, ओलसर, ताज्या मशरूमचा वास. सगळा माल परत उचलला, नवीन पाठवायची तारीख लिहून दिली आणि सरळ युनिटवर आले.

ओव्हनवाले दादा घाबरून गेले होते, मॅडम मी तुमच्या चार्टप्रमाणेच सहा तास ठेवलं हो. आणि ते बरोबर होतं, चार्ट मीच लिहिला होता, पण तो तीन सेंटिमीटर जाडीच्या ट्रेसाठी, आणि हा नवीन कोपरा नऊ सेंटिमीटरचा. चूक माझी होती, तसं मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं.

संध्याकाळी एका ताज्या ठोकळ्याच्या पोटात तापमानाची वायर खुपसून परत ओव्हन लावला. सहा तासांनी बाहेरच्या डिस्प्लेवर ८० डिग्री आणि ठोकळ्याच्या मधोमध फक्त ४३! साच्यातून निघालेल्या पीसमध्ये वजनाने अर्ध्याहून जास्त पाणीच असतं, ते पाणी उडत असतं तोपर्यंत आत आलेली उष्णता त्यातच खर्च होते, आतला भाग तापतच नाही. त्यात हा माल मुळात उष्णता अडवणारा, ज्या गुणासाठी लोक आमच्याकडून थंड मालाचे डबे घेतात तोच इथे आडवा आला. ४३ डिग्रीला गॅनोडर्मा मरत नाही, नुसती थांबते, आणि मधे ओल शिल्लक असली की परत उठते.

रात्री साडेअकराला मी आणि साचेवाल्या ताईंनी मिळून कोपऱ्याचं डिझाइन बदललं, आतून पोकळ, भिंत कुठेही तीन सेंटिमीटरच्या वर नाही. ड्रॉप टेस्टला, म्हणजे बॉक्स उंचावरून पाडून बघतात त्यात, तो भरीव कोपऱ्याइतकाच टिकला आणि भुसाही कमी लागला. चार्टवरचे तास खोडले, आता दर तासाला वजन करायचं आणि लागोपाठ दोनदा वजन तेच आलं तरच ओव्हन बंद करायचा. शिवाय प्रत्येक बॅचमधला सगळ्यात जाड पीस करवतीने कापायचा, मगच गाडी भरायची. तो पीस अजूनही मीच कापते आणि मधोमध बोट लावून बघते.