लेथचा रोटरी कन्व्हर्टर: व्होल्टेज जुळवणी

रोटरी कन्व्हर्टर म्हणजे सिंगल फेजवर एक मोटर (आयडलर) मोकळी फिरवत ठेवून तिच्यातून तिसरी फेज मिळवायची मांडणी. मागच्या वेळी ही आयडलर मोटर सुरू होण्यापर्यंत मजल आली होती. आता खरं काम, तिन्ही व्होल्टेज जुळवणं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडणी. भांडुपच्या घरी तळमजल्याच्या खोलीत सिंगल फेज 230 व्होल्ट आहे. लेथची मोटर 1 एचपी, थ्री फेज, प्लेटवर 415 व्होल्ट स्टार (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं). आपल्याकडच्या 2 एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमध्येच येतात, त्यामुळे एकेका वाइंडिंगवर 240 च्या आसपास पडतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (वाइंडिंग त्रिकोणात) करायचा, मग तीच मोटर 230 वर चालते. लेथची मोटर आणि 2 एचपीची आयडलर, दोन्ही तशा केल्या. काँटॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकीय स्विचची) कॉइलही 415 ची काढून 230 ची बसवली. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात; कॉइल आर-वायवरच, म्हणजे थेट मेन्सवर जोडली आहे. बी ही आपण तयार केलेली फेज, लोडप्रमाणे वरखाली होणारी. कॉइल तिच्यावर ठेवली तर ऐन कटमध्ये काँटॅक्टर सुटू शकतो.

कपॅसिटर न लावता, लेथवर कट चालू असताना आर-वाय 230, आर-बी 205, वाय-बी 196. सरासरी 210, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक जवळपास 20, म्हणजे असंतुलन 9 टक्क्यांवर. 5 टक्क्यांपुढे मोटर चालवूच नये असा संकेत आहे, आणि तो उगाच नाही. व्होल्टेजमधला फरक करंटमध्ये सहा ते दहा पटीने उमटतो. नुसत्या साडेतीन टक्के असंतुलनाने वाइंडिंगची तापमानवाढ सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होते. जुनी, चांगली वाइंडिंग असलेली मोटर अशी भाजून काढणं मला पटत नाही.

लोहार चाळीतून 440 व्होल्टचे रनिंग कपॅसिटर आणले. स्टार्टिंगचे कपॅसिटर इथे कायम जोडून चालत नाहीत, ते काही सेकंदांपुरतेच. दोन्ही बाजूंना, आर-बी आणि वाय-बीमध्ये, 20-20 मायक्रोफॅरडने सुरुवात केली. बारीक जुळवणीला पंख्याचे 2.5 आणि 3.15 चे कपॅसिटर फार उपयोगी पडतात. स्वस्त, आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतात. 230 व्होल्टवर दर मायक्रोफॅरडला साधारण 0.07 अँपिअर, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की तारेचा अंदाज चुकत नाही. प्रत्येक कपॅसिटरवर 100 किलोओहम, 2 वॉटचा रेझिस्टर लावलाच पाहिजे. बंद केल्यावरही त्यात चार्ज उरतो आणि तो हाताला बसतो.

एका बाजूला भर घातली की दुसऱ्या बाजूचंही व्होल्टेज हलतं. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि तिन्ही रीडिंग लागोपाठ. संध्याकाळी घरोघरी एसी सुरू झाले की आर-वायच खाली येतं. सकाळची आकडेवारी संध्याकाळच्या आकड्यांशी ताडून काही कळत नाही.

शेवटी आर-बीला 30 आणि वाय-बीला 22 मायक्रोफॅरडच्या आसपास स्थिरावलो. लेथ बंद, फक्त आयडलर फिरत असताना 232, 244, 239. म्हणजे असंतुलन 2.7 टक्के. 40 एमएमच्या एमएस (माइल्ड स्टील) बारवर 1 एमएमचा कट देताना 231, 228, 226, म्हणजे 1.2 टक्के.

माझा आग्रह याच मुद्द्यावर आहे. मोकळ्या आयडलरवर तिन्ही आकडे एकसारखे आणून बरेच जण थांबतात. पण लोड आला की बी फेज खाली बसते आणि ती जुळवणी मोडते. मोटर तापते ती कट चालू असताना, तेव्हा जुळवायचं तेही कट चालू असतानाच. मोकळं असताना थोडं वर दिसलं तर दिसू द्या, फक्त मोटरला झेपेल एवढंच. आणि अखेरचा निकाल क्लॅम्प मीटरचा. लेथच्या तारांत कटवर 2.9, 2.7 आणि 3.1 अँपिअर आले. मेन्सकडून येणारा करंटही उतरला, कारण आयडलरच्या मॅग्नेटायझिंग (चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या) करंटचा बराच भाग आता कपॅसिटर पुरवतात.

व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज बनवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) का नाही, असं विचारतात. एकच मशीन असतं तर मीही व्हीएफडीच घेतला असता. इथे लेथबरोबर कूलंट पंप आहे आणि थ्री फेज ग्राइंडरही यायचा आहे. एका कन्व्हर्टरवर तिन्ही चालतील.

ग्राइंडर जोडला की पुन्हा रीडिंग घेणार. वाय-बीच्या बाजूला 6 मायक्रोफॅरड वेगळ्या स्विचवर ठेवायचा विचार आहे, दोन मशीन एकत्र चालतील तेव्हा चालू करायला. आयडलरखाली रबर पॅड घातल्यावर घरघर कमी झाली, पण पावसाळ्यात खोलीला ओल येते. म्हणून दोन्ही मोटरींचं इन्सुलेशन मेगरवर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरवर) तपासल्याशिवाय पुढची जोडणी नाही.