ऑर्गन सिंफनी, ई मायनर: पहिली मूव्हमेंट पूर्ण, अडाजिओ अर्ध्यावर

पाइप ऑर्गनसाठी मी लिहीत असलेल्या चार भागांच्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट हातावेगळी झाली. थीम ठरल्याप्रमाणे तीच ठेवली आहे: ई वरून एकदम वर सी, आणि तिथून पायरीपायरीने बी, ए, जी असं उतरणं. चारही मूव्हमेंटमध्ये ती रूप बदलून येईल.

या टप्प्यातला बहुतेक वेळ एका क्रेशेंडोने, म्हणजे आवाज हळूहळू चढवत नेण्याने, घेतला. पेटीवर भात्याचा दाब वाढवला की सूर फुगतो. पाइप ऑर्गनमध्ये वाऱ्याचा दाब कायम ठेवलेला असतो, त्यामुळे बोट अलगद ठेवा नाहीतर आपटा, पाइप तेवढाच बोलतो. आवाज चढवायचा तर स्वेल बॉक्सची, म्हणजे पाइप ज्यात बंद असतात त्या पेटाऱ्याची, झडपं उघडायची किंवा नवे स्टॉप, म्हणजे वेगळ्या रंगाचे पाइपांचे संच, जोडायचे. पॅरिसचा ऑर्गन बनवणारा कावाये-कोल, त्याने यासाठी जे केलं ते मला अजूनही थक्क करतं. ट्रंपेटसारखे रीड (पत्तीवर वाजणारे पाइप) आणि मिक्श्चर (एका स्वराला अनेक बारीक पाइप देणारे स्टॉप) आधीच ओढून ठेवायचे, पण त्यांचा वारा अडवून धरायचा. वेळ आली की पायाखालचा खटका दाबायचा, की अख्खा गट एकदम जागा होतो. पॅरिसमधल्या सें-सुल्पीस चर्चचा त्याचा १०० स्टॉपचा ऑर्गन १८६२चा. १८७०पासून साठाहून जास्त वर्षं संगीतकार विदोर तिथेच वाजवत होता, आणि ऑर्गन सिंफनी हा प्रकार त्यानेच रुजवला.

आजच्या ऑर्गनवर सीक्वेन्सर असतो, एक बटण दाबलं की पुढचं रजिस्ट्रेशन, म्हणजे स्टॉपची जुळणी, हजर. मी मात्र ठरवलं आहे की या सिंफनीतला प्रत्येक चढ वादकाला स्वतःच्या पायाने करता आला पाहिजे. ही अट हट्टाची वाटेल, पण संगीताला आकार तिच्यामुळेच येतोय. खटका दाबायला पाय मोकळा हवा, म्हणजे त्या क्षणी पेडलची (पायाने वाजवायच्या पट्ट्यांची) धून धावती ठेवून चालत नाही. म्हणून ई मायनरमधून थेट जी शार्प मायनरला जाताना खाली बी धरून ठेवला. दोन्ही कॉर्डमध्ये समान असलेला तो एकच स्वर. डावा पाय बी वर, उजवा मोकळा: आधी रेसितचा (स्वेल बॉक्समधल्या कीबोर्डचा) बॉक्स मिटलेला असतानाच त्यातले रीड सोडायचे, ते भिंतीपलीकडून आल्यासारखे वाजतात, मग बॉक्स सावकाश उघडायचा, शेवटी ग्रांद-ऑर्गचे, म्हणजे मुख्य कीबोर्डचे, रीड. पेडलचा १६ फुटी बॉम्बार्ड, म्हणजे खर्जातला दणदणीत रीड, थीमच्या परतीसाठी राखून ठेवला आहे. कॉर्ड बदलतो आणि रंगही बदलतो, पण पायाखालचा सूर हलत नाही. हा भाग मनासारखा जमला आहे.

ऐकायला हाउप्टवेर्क या संगणकावरच्या ऑर्गनवर फ्रान्समधल्या काँ शहराच्या सें-एतिएन चर्चचा सॅम्पल सेट (खऱ्या पाइपांची ध्वनिमुद्रणं) लावते, कावाये-कोलचाच १८८५चा ऑर्गन. चर्चमधला घुमारा सॅम्पलमध्येच असल्याने वेगाचा निर्णय आपोआप होतो. कोरड्या आवाजात मिनिटाला ११६ ठोक्यांच्या वेगाने छान वाटणारं ॲलेग्रो (जलद भाग) इथे चिखल होतं. ९६ला प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो. विदोरने १९३२मध्ये, ८८व्या वर्षी, आपल्या पाचव्या सिंफनीतली तोकाता, म्हणजे धावत्या स्वरांचा शेवटचा भाग, स्वतः रेकॉर्ड केली, ती आजच्या बहुतेक वादकांपेक्षा बरीच संथ आहे. जरूर ऐका.

अडाजिओ, म्हणजे संथ मूव्हमेंट, व्हॉ सेलेस्त या स्टॉपवर आहे. त्यात पाइपांची एक ओळ दुसरीपेक्षा किंचित चढी लावलेली असते, दोन्ही मिळून सूर हलके लहरतो. या स्टॉपवर दाट कॉर्ड घालण्याचा मोह आवरावा लागतो. तीनच आवाज ठेवले तर लहर स्वच्छ कळते. थीम इथे उलटी केली आहे, म्हणजे आधी खाली झेप आणि मग चढ. मधला भाग अजून लिहायचा आहे, तिथे फक्त ८ फुटी (लिहिलेल्याच उंचीवर वाजणारी) फ्लूट हवी.

स्केर्झोचं, म्हणजे खेळकर तिसऱ्या मूव्हमेंटचं, नुसतं टिपण आहे. शेवटाला तोकाता नको एवढं नक्की: विदोरनंतर तो रस्ता फार वापरला गेला. त्याऐवजी फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांनी उचलत नेलेली रचना, आणि तिच्या शिखरावर पेडलमध्ये दुप्पट लांबीच्या स्वरांत थीम. ज्यांच्याकडे ३० स्वरांचा पेडलबोर्ड आहे त्यांनी तो बी वाला भाग प्रत्यक्ष वाजवून पाहावा. उजवा पाय खटक्यावरून बॉक्सच्या पेडलवर घाई न करता पोचतो का, ते मला उंच आणि बुटक्या, दोन्ही वादकांकडून हवं आहे.