मांदेलीचा पिवळा रंग

वेसाव्याच्या कोळीवाड्यात माझं माहेर. आई गेली चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासे विकते. तिच्या पाटीतल्या मासळीची 14 चित्रं मी जलरंगात काढली आणि लहान मुलांसाठी 32 पानांचं पुस्तक छापायचं ठरवलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बंदी उठून नारळी पौर्णिमा आली की पुस्तक हातात हवं होतं. चित्रं संपली म्हणजे काम झालं असं मी धरून चालले होते. फाईल छापण्याजोगी व्हायला आणखी पाच आठवडे लागले.

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या प्रेसमध्ये गेले. तिथल्या प्रीप्रेसच्या, म्हणजे छपाईआधी फाईल तपासणाऱ्या दादांनी फाईल उघडली आणि विचारलं, "ताई, मूळ चित्रं केवढी आहेत?" चित्रं पुस्तकाच्या पानापेक्षा लहान होती. मी 300 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केलं होतं, पण पानात बसवताना चित्र दीडपट मोठं झालं की ते 200 वर येतं. खवले पुसट दिसतात. सगळी चित्रं पुन्हा 600 वर स्कॅन केली. दुसरी अडचण कागदाची. जलरंगाचा कागद डोळ्यांना पांढरा वाटतो, स्कॅनरला मात्र फिका पिवळसर दिसतो. तसाच सोडला तर प्रत्येक माशामागे मळकट चौकोन छापला जातो. ती पार्श्वभूमी चित्रागणिक हाताने साफ केली. मिशा आणि पर सांभाळत. याच कामात सगळ्यात जास्त रात्री गेल्या.

समुद्राची पानं मी अगदी मापात रंगवली होती. कटिंगला पाते केसभर सरकलं तरी कडेला पांढरी रेघ दिसते, म्हणून चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारं जादा चित्र, लागतं. स्कॅन मोठा होता म्हणून चित्र थोडं वाढवून भागलं. सुरमई मात्र मी समोरासमोरच्या दोन पानांवर आडवी पसरली होती, 10 आणि 11 वर. मधे पिन मारलेल्या पुस्तकात ही दोन पानं छपाईच्या शीटवर शेजारी नसतात, त्यामुळे डोकं आणि शेपूट यांच्या रंगात फरक पडू शकतो, अर्धा मिलिमीटर वरखालीही होतं. 32 पानांत एकसंध असतात ती फक्त 16 आणि 17. सुरमई तिथे नेली आणि गोष्टीचा क्रम बदलला. तो बदल गोष्टीलाही मानवला.

मजकुराबद्दल मराठीत काम करणाऱ्यांना मुद्दाम सांगते. माझी अक्षरं आरजीबीमधल्या, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीतल्या, काळ्यात होती. फाईल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार शायांत, नेल्यावर त्या काळ्याचे आकडे त्याच क्रमाने झाले 75, 68, 67, 90 टक्के. म्हणजे एकेक अक्षर चार प्लेटांतून छापणार. एखादी प्लेट किंचित हलली, छपाईवाल्यांच्या भाषेत रजिस्टर गेलं, की शिरोरेखेखाली निळी-गुलाबी सावली येते आणि बारीक अनुस्वार भरून जातो. आपल्या लिपीत अनुस्वार गेला की शब्दच बिघडतो. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर 100 टक्के केला आणि ओव्हरप्रिंट लावलं, म्हणजे काळं अक्षर खालच्या रंगावरच छापलं जातं. निळ्या समुद्रावर पांढऱ्या बारीक ओळी होत्या, त्या जाड फाँटमध्ये नेल्या. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत होती. त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोजर हे सेटिंग निवडल्यावर ती नीट झाली.

मग पहिलं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं. घरी नेऊन आईसमोर ठेवलं. पापलेट पाहिलं, बोंबील पाहिला, हलवा पाहिला, काही बोलली नाही. मांदेलीवर थांबली. "ही कालची हाय," म्हणाली. मासे ओळखणारी नजर ती. खरंच, स्क्रीनवर सोन्यासारखी चमकणारी मांदेली कागदावर हिरवट, थकलेली दिसत होती.

दादांनी आकडे काढून दाखवले. पिवळ्यात सहा-सात टक्के निळा, म्हणजे सायन, शिरला होता. पिवळ्यात इतका थोडा निळाही कळतो आणि रंग मळतो. अंगावरचा निळा शून्यावर आणला, पिवळा 90, किरमिजी 25, निळा फक्त पाठीच्या कडेला. मांदेलीच्या पोटावर चमकदार ठिपक्यांच्या रांगा असतात. मी ते मिलिमीटरभर काढले होते. 150 लाइनच्या स्क्रीनवर, म्हणजे इंचाला टिंबांच्या 150 ओळी असताना, एका मिलिमीटरात छपाईचे जेमतेम सहा टिंब मावतात, ठिपका गोल राहत नाही. तो दीडपट केला आणि आत कागद कोरा सोडला. पापलेटची चांदीही तशीच साधली: कोरा कागद, आणि सावलीत तीन रंगांच्या राखाडीऐवजी मुख्यतः काळ्याचे टिंब. तीन रंगांची राखाडी मशीनवर गुलाबी किंवा हिरवट होऊ शकते.

दुसरं प्रूफ आईने दाराशी उजेडात धरलं. "आता आजची हाय गो." त्या प्रूफवर मी सही केली.

छपाई जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर मुसळधार पाऊस. दमट हवेत कागद फुगतो आणि रजिस्टर धरवत नाही, म्हणून रीम दोन दिवस आधीच मशीनच्या खोलीत आणून ठेवले होते. मशीनमनने पहिल्या शीटा सही केलेल्या प्रूफशेजारी ठेवून निळ्याची शाई दोनदा कमी केली. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं, समुद्र फिका पडत होता. शाई सुकायला वेळ लागणार होता, म्हणून घडीचं काम आम्ही सोमवारवर ढकललं.