लासलगावहून कांदे नाही, टरफलं आणली

श्रावणातल्या एका रविवारी नाशिकहून येवल्याची एसटी पकडली आणि निफाडच्या पुढे विंचूरला उतरले. तिथून लासलगाव जवळच, आणि लासलगावच्या अलीकडे आमच्या मावशीचं गाव. निमित्त मावशीला भेटायचं, पण खरं काम वेगळंच होतं, मला कापड रंगवायला कांद्याची टरफलं पाहिजे होती!

तिच्याकडे पोचले तर कांदा साठवायची चाळ फोडलेली, बायका उन्हाळ कांदा निवडत बसलेल्या आणि अंगणभर गुलबट-तपकिरी पापुद्रे, वारा आला की थेट ओट्यावर. काका ते गोळा करून उकिरड्यावर टाकतात. मी गोणी मागितली तर मावशी म्हणाली, "अगं, टरफलं कसली नेतेस? कांदे ने की दोन पायल्या." बायका हसल्या. मी मात्र गोणी दाबून दाबून भरली, तरी वजन काहीच नाही, अशी उशीसारखी हलकी.

परत विंचूरला येऊन येवल्याची गाडी धरली. विंचूरला वाइन पार्क आहे ना, त्यामुळे गाडीत सारखं द्राक्षाच्या चोथ्याचं डोक्यात येत होतं. इटलीत मिलानची व्हेजिया नावाची कंपनी वाइन काढून उरलेल्या साली, बिया, देठ वापरून लेदरसारखं मटेरियल बनवते, त्याच्या पर्स-बूट होतात. ऐकायला भारी, पण त्यातही पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, असतंच, म्हणजे 'शंभर टक्के द्राक्ष' वगैरे नाही. मला तरी टरफलाचा रंग जास्त सरळ वाटतो, पातेलं आणि गॅस असला की झालं.

येवल्यात एका पैठणीवाल्या दादांच्या मागावर बसून गोणी दाखवली. त्यांनी टरफल बोटात चुरगाळलं आणि म्हणाले, "ताई, एका साडीला महिने जातात. मधेच रंग संपला आणि पुढचा लॉट वेगळा निघाला तर साडी कोण घेणार?" मुद्दा खराच आहे, टरफलाचा रंग दर घाण्याला थोडा वेगळा येतो. म्हणून पैठणीचा नाद सोडला आणि बाजारातून एक साधा पांढरा सिल्कचा स्टोल घेतला.

घरी आल्यावर खरी मजा. कापडाच्या दुप्पट वजनाची टरफलं घेतली, पाण्यात तासभर उकळली, गाळली. टरफलात क्वेर्सेटिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं, ते धाग्याला धरून राहायला तुरटी लागते. तुरटीत भिजवलेला स्टोल त्या पाण्यात सोडला आणि मंद गॅसवर पाऊण तास ठेवला तर असा मधासारखा सोनेरी निघाला की मी स्वतःच थक्क! एक टोक गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवलं, ते गडद मेहंदी रंगाचं झालं.

सुती ओढणी मात्र फसली. फिकट, आजारी पिवळी. चूक माझीच, सुताला तुरटी रेशमासारखी धरत नाही, आधी हिरड्याच्या किंवा डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात भिजवून टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, द्यावं लागतं, मी ती पायरीच गाळली. आणि डाळिंब म्हणजे आपलं सटाणा-देवळा-मालेगाव, इथेच पिकतं, साल शोधायला कुठे लांब जायचं नाही.

हा, घरात दोन दिवस कांद्याचा वास होता. नवरा ऑम्लेट शोधत किचनमध्ये आला होता.

स्टोलचा फोटो मावशीला पाठवला. उत्तर काही आलं नाही, काल थेट काकांचाच फोन, "चाळ संपत आली गं, टरफलं ठेवू का उकिरड्यावर टाकू?" म्हटलं ठेवा, आणि सटाण्याकडं कुणी जाणारं असेल तर डाळिंबाच्या साली पण सांगून ठेवा.