पाच आठवडे फक्त टॅबलेट आणि कीबोर्ड डॉक : माझा अनुभव

लॅपटॉपची डावी बिजागरी बरेच दिवस कुरकुरत होती. एका सकाळी झाकण उघडताना आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि पडदाभर उभ्या रेघा उमटल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी उघडून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, बिजागरीखाली पडद्याची केबल चिरडली आहे. आता अख्खं झाकणच बदलावं लागेल. ते यायला पाच आठवडे धरून चाला." माझ्याकडे तेव्हा एका पुस्तकाचं संपादन होतं. 18 प्रकरणं, साडेतीनशेच्या वर तळटीपा, आणि छपाईला द्यायची तारीख ठरलेली.

घरात 11 इंची टॅबलेट होता, तोवर नुसता वाचायला वापरलेला. त्याच्यासाठी बनवलेला कीबोर्ड डॉक मिळत होता, तो मागवला. साधा ब्लूटूथ कीबोर्ड का नाही, असं घरातल्यांनी विचारलं. डॉकला टॅबलेट चुंबकाने चिकटतो आणि मागचे धातूचे ठिपके एकमेकांना टेकले की वीजही तिथूनच जाते. डॉक वेगळा चार्ज करायला नको, दर वेळी जोडणी करायला नको. ब्लूटूथ कीबोर्ड मध्येच झोपतो आणि जागा होईपर्यंत पहिली दोन-तीन अक्षरं गिळतो. दिवसाचे सात-आठ तास टाइप करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

कल्पना तशी जुनीच. 2011 मध्ये आलेल्या असूसच्या ट्रान्सफॉर्मर टॅबलेटच्या डॉकमध्ये तर दुसरी बॅटरीसुद्धा होती. पण तेव्हापासून आजपर्यंत 'टॅबलेट' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या वस्तूंना लावतो. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारख्या टॅबलेटवर पूर्ण विंडोज असतं. तो खरं म्हणजे कीबोर्ड सुटा करता येणारा लॅपटॉपच. माझा टॅबलेट दुसऱ्या जातीचा, फोनची प्रणाली मोठ्या पडद्यावर आणलेला. पुढे लिहिलंय ते या दुसऱ्या जातीबद्दल.

पहिला आठवडा बोटांचाच गेला. मी मराठी इन्स्क्रिप्टने टाइप करते, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला ठरलेली कळ असते त्या मांडणीने. टॅबलेटमधल्या मराठी कीबोर्डवर मी आधी रोमनमधून लिहायचे, पण बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर ते लिप्यंतर चाललंच नाही. ती सोय पडद्यावरच्या कळांपुरती होती. इन्स्क्रिप्टची मांडणी मात्र सेटिंगमध्ये 'भौतिक कीबोर्ड'खाली सापडली, आणि मला हायसं वाटलं. पण अडचण निघाली भलतीकडेच. साध्या कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण 19 मिलिमीटर अंतर असतं. लहान डॉकमध्ये हे अंतर आक्रसतं, आणि बहुतेक वेळा कात्री लागते ती उजव्या कडेच्या कळांना. इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे विरामचिन्हं आणि कंस असतात, त्यामुळे त्याला फारसं जाणवत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे च, ट आणि ड बसतात. माझ्या डॉकवर ट आणि ड यांच्या कळा इतर कळांच्या जेमतेम दोन तृतीयांश रुंदीच्या होत्या, आणि ऑ ची मात्रा तर एंटरच्या वर कोपऱ्यात ढकललेली. 'वाटचाल' लिहायला गेले की करंगळी एंटरवर पडायची आणि शब्द मध्येच तुटून खालच्या ओळीत जायचा. तीन-चार दिवस असं झालं. पाचव्या दिवशी करंगळीने नवी जागा शिकून घेतली. तरी वेग पूर्वीइतका झाला नाही तो नाहीच.

म्हणून सांगते, डॉक घेण्याआधी त्याचा फोटो मोठा करून उजवी कड नीट बघा. देवनागरीत लिहिणाऱ्याला ती कडच सगळ्यात जास्त लागते.

मांडीवर ठेवून काम करायचं तर तोल सांभाळावा लागतो. लॅपटॉपचं वजन खालच्या भागात असतं, बॅटरी आणि सगळी यंत्रणा तिथेच. डॉकवर ठेवलेल्या टॅबलेटचं उलटं : सगळं वजन वर, पडद्यात. तो मागे कलंडू नये म्हणून एकतर बिजागरी ठरावीक कोनापलीकडे उघडू देत नाहीत, नाहीतर डॉकच मुद्दाम जड करतात. त्यामुळे 'टॅबलेट हलका' हे गणित डॉक लावल्यावर जुळत नाही. 12.9 इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड मिळून वजन 1.3 किलोच्या वर जातं, आणि 2020 चा मॅकबुक एअर 1.29 किलोचा आहे. टेबलावर माझं काहीच अडलं नाही. मांडीवर मात्र एक हात कायम पडद्याच्या मागे.

टॅबलेटने मला खरोखर काही दिलं असेल तर ते दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या सहा प्रकरणांची प्रुफं पीडीएफमध्ये आली. लॅपटॉपवर मी प्रुफं वाचते तेव्हा नजर ओळीवरून घसरते, म्हणून आजवर कागदावर छापूनच वाचत आले. या वेळी टॅबलेट डॉकमधून उचलला, उभा धरला, तर एक अख्खं पान जवळपास पुस्तकाच्या आकारात समोर. पडद्यावर लिहायचं पेन घेतलं आणि रफार चुकलेला तिथे गोल, काना राहिलेला तिथे खूण, समासात 'पाहा' लिहून बाण. मुद्रितशोधनाच्या सगळ्या खुणा हाताने, कागदावर करते तशाच. संध्याकाळी तीच फाइल प्रकाशकांकडे गेली. त्यांनी विचारलं, "तुम्ही स्कॅन कशावर केलंत? खुणा फार स्वच्छ दिसतायत." इतक्या वर्षांत प्रुफं वाचताना एवढी एकाग्रता मला लॅपटॉपने कधी दिली नव्हती, आणि हे मी मनापासून सांगते.

पण संपादन म्हणजे एका वेळी एकच पान नव्हे. मूळ संहिता, सुधारलेली प्रत, संदर्भाचं पुस्तक, कोश, सगळं एकदम उघडं लागतं. 11 इंची पडद्याचे दोन भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 12 सेंटिमीटर रुंदी. त्यात वर्डची मोबाइल आवृत्ती वरची पट्टी मांडते, आणि आडव्या पडद्यावर मजकुराच्या आठ-दहा ओळी उरतात. तळटीप बघायला खाली गेलं की वरचं वाक्य नजरेआड.

शिवाय अशा प्रणाली मागे ठेवलेली अॅप्स स्मृती मोकळी करायला परस्पर बंद करतात. फोनवर ते शहाणपणाचं आहे, बॅटरी वाचते. मला ते चांगलंच भोवलं. चित्रांसह प्रकरणांची मोठी फाइल चढवायला लावली आणि ती जाईपर्यंत कोशात एक शब्द बघायला गेले. परत आले तर ब्राउझरने पान नव्याने उघडलेलं आणि फाइल पुन्हा शून्यावर. दोनदा असं झाल्यावर फाइल जाईपर्यंत पडद्याला हात लावायचा नाही, असा नियमच केला.

चौथ्या आठवड्यात मात्र गाडी अडलीच. लेखकांनी 11 वं आणि 12 वं प्रकरण जुन्या फाइलींमधून दिलं होतं, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमधलं. अशा फाँटमध्ये मराठी फक्त दिसायला असते. खाली साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट नसला की समोर नुसता अक्षरांचा काला. लॅपटॉपवर माझ्याकडे त्यासाठी रूपांतराचा प्रोग्रॅम आहे, तो विंडोजचा. टॅबलेटवर वेबवरचा एक कन्व्हर्टर वापरून पाहिला. साधे शब्द आले, पण जोडाक्षरं फुटली, आणि पहिली वेलांटी निम्म्या ठिकाणी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसली. अशी 40 पानं हाताने सुधारणं म्हणजे पुन्हा टाइप करण्यासारखंच.

दुसरी अडचण मॅक्रोंची, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आणि वर्डकडून आपोआप करून घ्यायच्या आज्ञांची. बरेच जण 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात. 'दु:ख' डोळ्यांना जवळजवळ तसंच दिसतं, पण शोधताना सापडत नाही. अशा तीसेक दुरुस्त्या मी वर्डमध्ये एका मॅक्रोने एका दमात करते. मोबाइल आवृत्तीत मॅक्रो चालत नाहीत. एकेक जोडी शोधून बदलायची, आणि तेही 18 फाइलींमध्ये.

शेवटी एका मैत्रिणीला फोन केला. तिच्या डेस्कटॉपवर दोन संध्याकाळ बसून दोन्ही कामं उरकली आणि पुस्तक तारखेच्या आदल्या दिवशी गेलं.

त्यानंतर दोघा-तिघांनी मला विचारलं, लॅपटॉपऐवजी हेच घेऊ का? मी त्यांना आधी एक विचारते : गेल्या महिन्यात तुम्ही कोणकोणते प्रोग्रॅम उघडलेत, ते आठवून सांगा. त्यात पत्रं, लेख, वाचन, टिपणं, व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर खुशाल घ्या, फक्त कळांची उजवी कड तपासा. त्यात एक जरी जुना, विशिष्ट प्रोग्रॅम असेल, हिशेबाचा असो की फाँटचा, तर सगळं ठीक चाललेलं असताना नेमकं त्या एका प्रोग्रॅमपाशी अडेल, आणि तेही बहुधा काम संपवायच्या दिवशी.

लॅपटॉप सहाव्या आठवड्यात परत आला. टाइपिंग, फाइली, मॅक्रो सगळं त्याच्यावर गेलं. डॉक कपाटात ठेवला, प्रवासाला निघाले की बाहेर काढते. काल त्याच पुस्तकाची शेवटची प्रुफं आली. लॅपटॉप मिटून बाजूला सारला, टॅबलेट उभा धरला आणि पेनाचं टोपण काढलं. नवव्या पानावर एक रफार अजून चुकीच्याच अक्षरावर आहे.