तुम्ही विचारलंत म्हणून: सोलर परवडतं का हो?

छतावर पॅनल्स बसवल्यापासून भेटेल तो हेच विचारतो, सोलर परवडतं का हो? आणि उत्तर एका शब्दात हवं असतं. मी उलट विचारतो, दुपारी तुमच्या घरी कोण असतं? समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय, पण खरंच सगळा हिशोब तिथेच अडकलेला असतो.

पॅनल्स आता महाग राहिलेली नाहीत, आणि कामालाही कितीतरी सुधारलीत. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेने सिलिकॉनचा सोलर सेल दाखवला तेव्हा तो उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत बदलायचा, आज घरावर लावायचं साधं पॅनलसुद्धा २० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असतं आणि वर्षाला साधारण अर्धा टक्का घट धरली तरी २५ वर्षांनी मूळच्या ८५ टक्क्यांच्या पुढेमागे वीज देत राहतं. चांगलं ऊन असलेल्या ठिकाणी १ किलोवॅटची पॅनल्स म्हणजे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, ढगाळ भागात बरंच कमी. आणि टाकीची नाहीतर झाडाची सावली पडत असेल तर आधी तिचं काय ते बघा, एका पॅनलवर सावली आली की त्याच्यासोबत जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडू शकतं.

आता ते दुपारचं. ऊन दुपारी जोरात आणि घरातले सगळे ऑफिसला शाळेला, मग तयार झालेली वीज जाते ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, आणि संध्याकाळी तुम्ही ग्रिडकडूनच परत घेता. नेट मीटरिंग असेल तर दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून सरळ वजा होतं, म्हणजे ग्रिडच तुमची फुकटची बॅटरी. पण नेट बिलिंग असेल तर तुम्ही दिलेल्या युनिटला वेगळा, बहुतेकदा बराच कमी भाव मिळतो, आणि नियम कधीही बदलू शकतात. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नवीन ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी ७५ टक्क्यांनी कमी झाला, पॅनल तेच, ऊन तेच, पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं मात्र वाढली. म्हणून वॉशिंग मशीन, गीझर, पंप, गाडीचं चार्जिंग जे काय दुपारी ढकलता येईल ते ढकला, स्वतः वापरलेलं युनिट सगळ्यात किमती.

बॅटरी घेऊ का, हा पुढचा प्रश्न. लाईट गेली की साधी ऑनग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेली बिनबॅटरीची, सिस्टीमसुद्धा बंद पडते हे बऱ्याच जणांना पैसे भरल्यावर कळतं (लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं). लाईट क्वचित जात असेल आणि नेट मीटरिंग असेल तर निव्वळ पैशाच्या हिशोबाने बॅटरी मला पटत नाही. लेड ॲसिडवाली काही वर्षांत बदलावी लागते, लिथियमची जास्त टिकते पण सुरुवातीलाच खिसा रिकामा करते.

आणि ते कोटेशनमध्ये लिहिलेलं 'इतक्या वर्षांत पैसे वसूल', त्यात इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारा डबा) धरलाय का विचारा, कारण तो साधारण १०-१५ वर्षांत बदलायला येतो. सोलर म्हणजे पुढच्या २५ वर्षांचं वीजबिल आज ॲडव्हान्स भरणं, त्यामुळे कर्ज काढून घेत असाल तर पॅनलच्या किमतीपेक्षा व्याजदरावर जास्त घासाघीस करा. बिल मुळातच कमी येत असेल तर मी सरळ नको सांगतो, जुना फ्रीज बदला, त्यात स्वस्तात काम होईल. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना काय सांगणार, छत मालकाचं आणि बिल यांचं, सबसिडी कितीही दिली तरी ही माणसं बाहेरच राहतात, आणि मला ते खटकतं.

अजून स्वस्त होईल म्हणून थांबू का असंही विचारतात. एकूण खर्चात पॅनलचा वाटा आता पूर्वीसारखा मोठा नाही, स्ट्रक्चर, वायरिंग, इन्व्हर्टर, मजुरी, परवानग्या हे सगळं मिळून जास्त होतं, त्यामुळे पॅनल अर्ध्या किमतीत आलं तरी तुमचं कोटेशन अर्धं होणार नाही, आणि थांबलात तेवढे महिने बिल भरतच राहणार. बॅटरीसाठी मात्र थांबायला हरकत नाही. आत्ता हायब्रीड इन्व्हर्टर घेतलात, थोडा महाग पडतो, तर बॅटरी नंतर कधीही जोडता येते, फक्त त्याला कुठली बॅटरी चालते ते आधीच लिहून घ्या.